भयकथांची एक निवड आणि तिच्यावरची मते: सिग्नलमन, कापसाचा महसूल आणि गिरणीतून आलेला माणूस

धरमपेठची वाचक (धागालेखिका)

नागपुरातल्या आमच्या लहानशा वाचनगटाने या पावसाळ्यात जगभरातल्या भयकथांची एक निवड स्वतःच तयार केली आणि ती एकत्र बसून वाचली. चार्ल्स डिकन्स यांची 'द सिग्नलमन' (१८६६), रवींद्रनाथ ठाकुरांची 'क्षुधित पाषाण' (१८९५), डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची 'द मंकीज पॉ' (१९०२), शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' (१८९२) आणि एडगर ॲलन पो यांची 'द टेल-टेल हार्ट' (१८४३) या त्यातल्या मुख्य कथा. पुढील चर्चेत कथांचे शेवट उघड होणार आहेत, त्यामुळे ज्यांनी त्या वाचलेल्या नाहीत त्यांनी आधी वाचून मगच इकडे यावे अशी विनंती.

माझे मत आधी मांडते. भूत येण्यापूर्वी लेखकाने माणसाचे रोजचे काम किती खरेपणाने उभे केले आहे, यावर भयकथा तरते किंवा बुडते. डिकन्स यांचा सिग्नलमन एका खोल, ओलसर दरीसारख्या कापलेल्या रेल्वेमार्गात, बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या चौकीत राहतो. सिग्नल बदलणे, दिवे साफ करणे, तारेचा संदेश घेणे आणि देणे एवढेच त्याचे काम. अंगमेहनत फारशी नाही, पण दक्षता मात्र क्षणभरही सोडता येत नाही. हे सगळे वाचकाच्या मनात पक्के बसल्यावरच बोगद्याच्या लाल दिव्यापाशी ती आकृती दिसते. तिच्या पहिल्या दर्शनानंतर काही तासांतच मोठा अपघात होतो, दुसऱ्या दर्शनानंतर धावत्या गाडीत एका तरुणीचा मृत्यू होतो, आणि आता ती तिसऱ्यांदा दिसू लागली आहे. सिग्नलमनचे खरे दुःख भुताचे नाही. धोका आहे हे त्याला कळते, पण कोणता आणि कुठे हे कळत नाही. तारेने 'धोका' असे कळवले तर वरून 'कोणता धोका, कोठे?' असा प्रश्न येईल, आणि 'ठाऊक नाही, पण देवासाठी सांभाळा' असे उत्तर दिले तर त्याला वेडा ठरवून नोकरीवरून काढतील. कामाशी इमान राखणाऱ्या माणसाची ही कोंडी मला कोणत्याही स्मशानापेक्षा अधिक भयंकर वाटली.

या निवडीतल्या तीन कथा नागपूरच्या वाचकाला विशेष जवळच्या वाटतील असे मला वाटते. 'सिग्नलमन' १८६६च्या नाताळात छापली गेली आणि १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. 'क्षुधित पाषाण'चा नायक निझामाच्या चाकरीत असून कापसावरचा महसूल गोळा करतो. 'मंकीज पॉ'मधला मुलगा कारखान्याच्या यंत्रात सापडून मरतो. रेल्वे, कापूस आणि गिरणी या तीन गोष्टी वगळून या शहराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास सांगता येणार नाही. असे असूनही आपल्याकडच्या भयकथा वाचताना मन कोकणातल्या माडांमध्ये किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या वाड्यात जाते, हे मला खटकते. आपली मते सविस्तर लिहावीत.

लाइनक्लिअर

माझे सगळे नोकरीचे आयुष्य रेल्वेत, स्थानकांवरच्या कामात गेले, त्यामुळे 'सिग्नलमन'विषयी थोडे लिहितो. डिकन्स यांनी हे वातावरण केवळ कल्पनेने रचलेले नाही. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या रेल्वे अपघातात ते स्वतः गाडीत होते. त्या अपघातात दहा माणसे दगावली आणि डिकन्स जखमींना मदत करीत डब्यांतून फिरले. त्यानंतर रेल्वेप्रवासाची धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. त्यांचे निधन बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी झाले. या कथेमागे आणखी एक अपघात असावा असे मानले जाते. २५ ऑगस्ट १८६१ रोजी क्लेटन बोगद्यात तेवीस प्रवासी ठार झाले. ब्रायटनहून थोड्याथोड्या अंतराने तीन गाड्या सुटल्या होत्या. पहिली बोगद्यात शिरल्यावर सिग्नल आपोआप धोक्याच्या स्थितीत परत यायला हवा होता, तो आला नाही. दुसरी गाडी लाल निशाण पाहून बोगद्यात थांबली आणि मागे येऊ लागली. दोन टोकांच्या सिग्नलमनमध्ये तारेने जो संदेश गेला, त्यातली 'बोगदा मोकळा' ही खूण कोणत्या गाडीबद्दल आहे याचा घोटाळा झाला आणि तिसरी गाडी आत सोडली गेली. त्या दिवशी तिथला एक सिग्नलमन चोवीस तासांची पाळी करीत होता.

हा इतिहास ठाऊक असला की कथेतली घंटा वेगळी ऐकू येते. दोन स्थानकांमध्ये गाडी सोडताना 'लाइन क्लिअर', म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण, मागणे आणि देणे हे घंटेच्या ठरलेल्या ठोक्यांनी होत असे, आणि ज्याने ते काम केले त्याचा कान त्या ठोक्यांना कायमचा बांधला जातो. डिकन्स यांचा सिग्नलमन सांगतो की भुताने वाजवलेली घंटा डोळ्यांना हललेली दिसत नाही, ती फक्त त्याला ऐकू येते आणि खरी घंटा व ती घंटा यांत त्याची कधीच गल्लत झालेली नाही. हे वाक्य वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले. रात्रपाळीत एकट्याने बसलेल्या माणसाचा स्वतःच्या कानांवर किती विश्वास असतो आणि असावा लागतो, हे डिकन्स यांना नेमके समजले होते.

उत्तररात्र

धागालेखिकेच्या मताचा आदर राखून मी असहमती नोंदवतो. कामाचा तपशील ही भयकथेची अट असेल, तर पो यांच्या 'टेल-टेल हार्ट'चे काय करायचे? त्या कथेत निवेदकाचे नाव नाही, व्यवसाय नाही, गाव नाही; ज्या म्हाताऱ्याला तो मारतो त्याच्याशी त्याचे नाते काय हेही सांगितलेले नाही. त्याला म्हाताऱ्याविषयी द्वेष नाही, त्याच्या पैशांचा मोह नाही. केवळ त्याचा पडदा आल्यासारखा एक निळसर डोळा सहन होत नाही, म्हणून तो खून करतो आणि फरशीखाली पुरलेल्या हृदयाचे ठोके ऐकून पोलिसांसमोर स्वतःच गुन्हा उघड करतो. जगाशी जोडणारा प्रत्येक धागा लेखकाने कापून टाकल्यामुळे वाचकाला त्या एका मनाबाहेर पडण्याची वाट उरत नाही, आणि तिथेच भीती आहे. माझ्या मते भयकथेचे मूळ एखाद्या अनावर ओढीत असते. व्यवसाय, घर, हवामान ही त्या ओढीला दिलेली जागा असते.

'क्षुधित पाषाण' याच कारणाने मला या निवडीतली सर्वांत श्रेष्ठ कथा वाटते. महसूल अधिकारी दिवसा साहेबी टोपी आणि आखूड कोट घालून कचेरीत जातो आणि रात्री, तो राहत असलेल्या जुन्या संगमरवरी महालात, मोगल पोशाख करून, अत्तर लावून, कोणाची तरी वाट पाहतो. कचेरीतला म्हातारा कारकून करीमखान त्याला बजावतो की दिवसा काम करा, पण रात्री तिथे झोपू नका. करीमखानाच्या मते तिथल्या अतृप्त वासनांच्या शापाने प्रत्येक दगड भुकेलेला आहे. पहाटे मेहेर अली हा वेडा 'दूर व्हा, सारे खोटे आहे' असे ओरडत महालाभोवती फिरतो, आणि त्या ओरडण्यातही नायकाला महालाचीच ओढ जाणवते. इथे कापसाचा महसूल जाऊन मिठाचा महसूल आला असता तरी कथेचे काही बिघडले नसते.

वऱ्हाडी कापूस

उत्तररात्र यांचे शेवटचे वाक्य मला पटत नाही. कापूसच हवा. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे गेले, त्यापूर्वी ते निझामाच्या राज्यात होते, आणि निझामाचा कापसाचा अधिकारी म्हटल्यावर आमच्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर लगेच कोरडी, वैराण हवा, जिनिंगच्या आवारात साचलेले ढीग आणि उडणारी रुई उभी राहते. कथेचे स्थळ रवींद्रनाथांनी शुस्ता नावाच्या नदीकाठचे बरीच असे ठेवले आहे, आणि त्यामागची प्रेरणा अहमदाबादच्या शाहीबाग महालाची आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथे न्यायाधीश असताना १८७८ साली ते त्या महालात राहिले होते. गाठी मोजणे, भाव लिहिणे, तक्ते भरणे अशा अत्यंत रुक्ष कामातून आलेल्या माणसालाच त्या महालाची भूल इतकी पडते. एखाद्या कवीला पडली असती तर आपण म्हणालो असतो की हा तर आधीच स्वप्नात होता.

आणि कथेची चौकट विसरू नये. हा सगळा वृत्तांत गाडीची वाट पाहत, एका जंक्शनवर, अनोळखी माणसाकडून ऐकला जातो. महालातल्या ज्या इराणी दासीची हकिकत सांगण्याचे करीमखानाने कबूल केलेले असते, ती सुरू होणार तोच गाडी येते, पहिल्या वर्गातून एक इंग्रज गोष्ट सांगणाऱ्या त्या माणसाला हाक मारतो आणि कथा तिथेच तुटते. नागपूर किंवा बडनेरा स्थानकावर रात्र काढलेल्या प्रत्येकाला हा शेवट पटेल, कारण तिथे कोणाचीही गोष्ट पूर्ण ऐकायला मिळत नाही.

मेडिकल चौक

'यलो वॉलपेपर'बद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी वैद्यकीय क्षेत्रात काम करते आणि माझ्यासाठी या निवडीतली सर्वांत अस्वस्थ करणारी कथा ही आहे. बाळंतपणानंतर मनाने खचलेल्या एका स्त्रीला तिचा डॉक्टर नवरा वरच्या मजल्यावरच्या, खिडक्यांना गज असलेल्या खोलीत पूर्ण विश्रांतीसाठी ठेवतो. लिहायचे नाही, विचार करायचा नाही, माणसांत मिसळायचे नाही. भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे तिला सरपटणारी एक बाई दिसू लागते आणि शेवटी ती बाई ती स्वतःच होते. ही विश्रांतीची उपचारपद्धती डॉ. सायलस वियर मिचेल यांनी रूढ केली होती, आणि गिलमन यांनी स्वतः ती घेतली होती. कथेत मिचेल यांचे नावही येते. १९१३ साली गिलमन यांनी ही कथा का लिहिली याविषयी एक टिपणच प्रसिद्ध केले.

या कथेत कोणीही दुष्ट नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नवरा प्रेमळ आहे, काळजी घेतो, गोड बोलतो. मात्र ती काहीही म्हणाली की तो हसून सोडून देतो. आजही प्रसूतीनंतरच्या नैराश्याला 'सगळ्यांनाच होते, जाईल आपोआप' असे घरचे लोक सांगतात तेव्हा मला ती गजांची खोली आठवते. अशी अवस्था दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, हे येथे लिहिणे विषयाला सोडून होणार नाही असे मला वाटते. धागालेखिकेच्या मुद्द्याविषयी सांगायचे तर या कथेत काम काढून घेतले जाणे हेच भयाचे कारण आहे. लिहिणे हे तिचे काम होते.

धरमपेठची वाचक

मेडिकल चौक यांची शेवटची दोन वाक्ये वाचून मला माझ्याच मुद्द्याची दुसरी बाजू दिसली, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तररात्र यांच्या पो-विषयीच्या हरकतीलाही मला यातच उत्तर सापडते. 'टेल-टेल हार्ट'चा निवेदक आपण वेडे नाही हे सिद्ध करण्यासाठी काय सांगतो? आपण किती काळजीपूर्वक, किती सावकाश, रोज रात्री ठरलेल्या वेळी दार उघडून कंदिलाची एकच तिरीप आत सोडत होतो, हे सांगतो. व्यवसाय नसलेल्या त्या माणसाने खुनालाच एखाद्या कुशल कारागिराच्या कामाचे स्वरूप दिले आहे. तरीही ओढ आणि काम यांतले आधी काय, हा त्यांचा प्रश्न खुला ठेवावा असे मला वाटते.

कामगार कायदा

'मंकीज पॉ'वर माझे मत थोडे वेगळ्या दिशेने आहे. अनेक वाचकांना या कथेचा पूर्वार्ध खटकतो, आणि तो मलाही खटकला: हिंदुस्थानात एकवीस वर्षे नोकरी करून आलेला सार्जंट-मेजर, फकिराने मंत्रलेला माकडाचा पंजा, तीन इच्छा. त्या काळच्या इंग्रजी कथांमध्ये अरिष्ट वारंवार पूर्वेकडून येते आणि आपण भारतीय वाचकांनी हे निमूटपणे गिळण्याचे कारण नाही. परंतु कथेचा कणा पंजात नसून पुढच्या प्रसंगात आहे. दोनशे पौंडांची इच्छा व्यक्त झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी एक नीटनेटका, अवघडलेला माणूस घरी येतो, पँटला चिकटलेला सुताचा तुकडा खाली वाकून काढतो आणि मग सांगतो की आपण कंपनीकडून आलो आहोत. मुलगा यंत्रात सापडला. कंपनी कोणतीही जबाबदारी स्वीकारत नाही, मात्र त्याच्या सेवेचा विचार करून काही रक्कम देऊ इच्छिते. रक्कम दोनशे पौंड.

कथा १९०२ ची आहे. ब्रिटनमध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा १८९७ मध्ये झाला होता, आणि त्यात मृत्यूबद्दल तीन वर्षांची मजुरी किंवा दीडशे पौंड यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती, पण तीनशे पौंडांच्या मर्यादेत, द्यावी असे होते. दोनशे हा आकडा या चौकटीत अचूक बसतो. म्हणजे वाचकाला तो जादूचा वाटण्याआधीच कचेरीतला वाटतो. फकिराला दैवाची सत्ता दाखवून द्यायची होती, पण प्रत्यक्षात कथेतल्या माणसाच्या जिवाची किंमत हिशेबनीसाने ठरवली आहे. आपल्याकडे असा कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. नागपूरच्या वाचकांना मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई सुरू झाली होती, म्हणजे ब्रिटनच्या कायद्याच्याही आधी.

इतवारीतला

कामगार कायदा यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आमच्या घरात गिरणीत काम केलेली माणसे होती, त्यामुळे सुताचा तो तुकडा वाचताना माझ्या अंगावर काटा आला. गिरणीतून आलेल्या माणसाच्या कपड्यांवर सूत असणारच, आणि तेच सूत तोडणाऱ्या यंत्राने मुलगा नेलेला आहे हे ऐकण्याआधीच आईला कळले असणार. दुसऱ्या इच्छेने परत बोलावलेल्या मुलाच्या दाराबाहेरच्या थापा म्हाताऱ्याने तिसरी इच्छा मागून थांबवल्या, हे योग्य की अयोग्य यावर आमच्या घरी बराच वाद झाला. आई म्हणाली, दार उघडायला हवे होते. वडील म्हणाले, नाही.

समर्थभक्त

मराठी भयकथेचा उल्लेख न होता ही चर्चा पुढे जाते आहे याचे वाईट वाटते. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्याशिवाय आपल्यापैकी किती जणांना भीतीची गोडी लागली असती? धारपांच्या 'समर्थ' या, दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या पात्राच्या कथांमध्ये अरिष्ट कितीही मोठे असले तरी समर्थ येतील असा दिलासा वाचकाच्या मनात असतो. वरच्या पाचही कथांत असा कोणी येत नाही. सिग्नलमनच्या मदतीला जाणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशी पोहोचतो तेव्हा इंजिनाखाली सापडून त्याचा अंत झालेला असतो. दिलासा असलेली भयकथा कमी दर्जाची असते असे मात्र मला मान्य नाही. संध्याकाळी देवघरातला दिवा लावून मग भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या घरांमधून आलेल्या वाचकाची ती गरज होती, आणि धारपांनी ती मनापासून भागवली. मतकरींचे वेगळेपण असे की ते बऱ्याचदा चाळीत किंवा फ्लॅटमध्ये, अगदी ओळखीच्या कुटुंबात, हळूहळू काहीतरी बिघडवत नेतात आणि दिलासा देत नाहीत. पुढच्या निवडीत या दोघांच्या कथा याव्यात.

वऱ्हाडी कापूस

समर्थभक्त यांच्या सूचनेला अनुमोदन. त्याला जोडून विदर्भातल्या भीतीविषयी थोडे लिहितो, कारण धागालेखिकेने सुरुवातीला तो प्रश्न विचारला होता. आमच्याकडे भीतीची वेळ मध्यरात्र एवढीच नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, रस्ते ओस पडतात, गुरे सावलीला उभी राहतात आणि अशा टळटळीत दुपारी बारा वाजता पिंपळाखालून जाऊ नये असे लहानपणी प्रत्येकाला सांगितलेले असते. शेतातल्या चकव्याच्या हकिकती तर घरोघर आहेत: ओळखीच्या बांधावर माणूस रात्रभर गोल फिरत राहतो आणि उजाडल्यावर आपण घरापासून हाकेच्या अंतरावर होतो हे त्याला कळते. चकव्यात कोणी दिसत नाही, कोणी बोलत नाही, फक्त रोजची वाट अनोळखी होते. यापेक्षा चांगले कथाबीज कोणते असेल?

शिवाय आपली मारबत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक नागपुरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निघते, आणि 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' असे ओरडत लोक रोगराई आणि अरिष्टे गावाबाहेर पाठवतात. सगळ्या शहराने मिळून अरिष्टाला एक देह द्यायचा, त्याला रस्त्यांतून फिरवायचे आणि मग जाळायचे, ही प्रथा डोळ्यांसमोर असताना इथल्या कथालेखकांनी तिच्याकडे फारसे पाहिले नाही याचे मला आश्चर्य वाटते. मारबतीने न्यायचे नाकारले तर, एवढा एकच प्रश्न एका उत्तम कथेला पुरेसा आहे.

उत्तररात्र

मारबतीची कल्पना वाचून मी माझ्या भूमिकेत एवढी भर घालतो की ओढीइतकीच नकोशी गोष्ट दूर लोटण्याची इच्छाही भयकथेला जन्म देते. पो यांचा निवेदक डोळा दूर करू पाहतो, गिलमन यांच्या कथेतला नवरा आजार नाकारतो, आणि आपले शहर रोगराई जाळते. जे दूर लोटले ते कसे परत येते यावर प्रत्येक लेखकाची कसोटी लागते. मात्र मेहेर अलीची ओरड मला अजूनही सर्वांत अधिक छळते, आणि त्याबाबतीत माझे मत बदललेले नाही.

लाइनक्लिअर

एक व्यावहारिक सूचना. 'सिग्नलमन' वाचल्यानंतर ज्यांना जुनी सिग्नल यंत्रणा, टोकन आणि घंटेची उपकरणे प्रत्यक्ष पाहायची असतील, त्यांनी नागपुरातल्या मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहावे. तरफा आणि उपकरणे डोळ्यांसमोर असली की कथेतली चौकी अधिक स्पष्ट दिसते.

धरमपेठची वाचक

सर्वांचे प्रतिसाद गटात वाचून दाखवले. पुढच्या निवडीत धारप आणि मतकरी यांची प्रत्येकी एक कथा घेण्याचे ठरले आहे, आणि 'यलो वॉलपेपर' पुन्हा एकदा, या वेळी मेडिकल चौक यांनी मांडलेला मुद्दा समोर ठेवून वाचणार आहोत. वऱ्हाडी कापूस यांना विनंती की त्यांनी मारबतीची कथा स्वतःच लिहावी. पोळ्यापर्यंत पूर्ण झाली तर ती आम्ही याच गटात वाचू. दार उघडावे की नाही या इतवारीतल्या घरच्या वादावर गटातही मतदान झाले आणि दोन्ही बाजूंना सारखीच मते पडली, तेव्हा त्या प्रश्नावर इथे आणखी कोणाला लिहायचे असल्यास अवश्य लिहावे.